पंचबाईच्या नावाची साडी

माझी थोरली जाऊ, सुभद्रा, कबड्डीच्या मैदानावर कुणाच्या हातचं पाणीसुद्धा प्यायची नाही. पंच म्हणून निघाली की पिशवीत स्वतःची बाटली आणि फडक्यात बांधलेली भाकरी-चटणी. संयोजक चहा घेऊन मागे लागायचे. "पंचानं दुसऱ्याचा चहा पिला की रेषा वाकडी दिसतीया," म्हणायची आणि भाकरी मोडायची.

ती शाळेत खेळ शिकवायची. सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, "ही आमची पंचबाई, अन् ही..." मग जरा थांबून, "धाकटी." त्या थांबण्यात मी वीस वर्षं जळले. वय चाळिशीपार, अक्कल मात्र परकरातली! ती सामन्याहून दमून आली की तिला मुद्दाम करपलेली भाकरी वाढायचे. ती निमूट खायची. मग मी आणखी जळायचे.

वडवणीच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी दारात एक जीप थांबली. आत एका संघाच्या मालकाची बायको. सुभद्रा शाळेत होती.

"पंचबाई तुमीच का?"

काय शिरलं अंगात कोण जाणे, मी पदर सावरून म्हणाले, "मीच की. या ना."

तिने हळदीकुंकू लावलं, नारळ आणि जांभळी रेशमी साडी घालून माझी ओटी भरली. "उद्या आमच्या पोरांवर लक्ष असू द्या."

"असू देते की!" मी म्हटलं. मला वाटलं, पंचांचा असाच मान होत असेल. सुभद्रा एकटीच लाटत असणार, म्हणून तर घरी सांगत नाही!

दुसऱ्या दिवशी तीच साडी नेसून मी बायकांत पुढे बसले. मध्यंतराला मालकीणबाई माझ्यासमोर उभ्या. "तुमी इथं कावून? मग शिट्टी कुणाच्या तोंडात हाय? आमच्या मानसांनी लई पैसा लावलाय या मॅचवर!"

म्हणजे ती ओटी मान नव्हता, लाच होती! तशीच मैदानात शिरले आणि सुभद्राच्या कानात सगळं ओकले. तिने एकदा साडीकडे पाहिलं. मग दोन्ही कर्णधारांना बोलावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्या घरात एका संघाकडून ओटी आलीया. आता ह्या मॅचला माझी शिट्टी चालायची न्हाई."

मग ओरडा झाला, "पंचबाईनं खाल्लं!" तिने शिट्टी दुसऱ्या पंचाच्या हातात दिली आणि माझ्याशेजारी येऊन बसली.

गर्दीत फोनवर सट्टा घेणाऱ्या एकाला बंदोबस्ताच्या पोलिसांनी धरलं. हवालदार तिला म्हणाला, "साडीचं काय आमच्या कायद्यात बसत न्हाई, बाई. तुमी जावा घरी."

"तुमच्या न्हाई बसत. शिट्टीच्या बसतंय," ती म्हणाली.

परतताना मी रडत विचारलं, "बाई, माझं नाव कावून न्हाई घेतलं?"

"घेतलं असतं तर म्हणले असते, जावंवर ढकलतीया. पंचाचं घर एकच असतंय, चंद्रे. त्यात जावा दोन असल्या म्हणून काय झालं?"

त्यानंतर तिला कुठूनच बोलावणं आलं नाही. मी गावभर खरं सांगत फिरले, लोक म्हणायचे, "जावंसाठी खोटं बोलतीया, बिचारी!" आयुष्यात पहिल्यांदा माझं कौतुक झालं, तेही असलं.

मागच्या वर्षी ती गेली. त्याआधीच्या हिवाळ्यात पोरींचे सामने होते, म्हणून मी तिला ओढून नेलं. दोरीबाहेर बसलो होतो. एका पोरीचा पाय रेषेबाहेर पडला. नव्या पंचाला दिसला नाही. सुभद्राचा हात आपसूक वर गेला, आणि तिने तो दुसऱ्या हाताने ओढून पदराखाली घातला.

मी पदराखाली हात घालून तो हात धरला. सामना संपेपर्यंत सोडला नाही.