पायरीवरची बादली

रियाधहून दम्मामला जायचं असेल तर रस्ता उत्तम आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे माझा सूर बिघडणार आहे.

माझी मुलगी इरा नववीत आहे. दम्माममध्ये भारतीय मुलांसाठी ‘जुना फोटो वाचा’ अशी स्पर्धा होती. फोटो आठवडाभर आधी आला. एकोणिसाव्या शतकातलं, हॉलंडमधलं कालव्याकाठचं गाव. उंच निमुळती घरं, लाकडी पूल, एका दारात टोपीवाला गृहस्थ. बाकी चिटपाखरू नाही. पाण्यात उतरणाऱ्या पायरीवर एक बादली आणि तिच्याशेजारी धुरासारखं काहीतरी पुसट.

इरा म्हणाली, ती बाई आहे. तेव्हा फोटोला कित्येक सेकंद लागायचे. जो नुसता उभा राहिला तो उमटला, जी धुणं घासत होती ती पुसली गेली.

मी तिच्या भाषणातला तो परिच्छेद पेन्सिलने खोडला. “काचेवरचा डाग असेल. कल्पना नको. दिसतं तेवढंच बोल.”

शनिवारी पहाटे पाचला निघालो. बायकोची हॉस्पिटलात ड्यूटी, म्हणून आम्ही दोघंच. साधारण चारशे किलोमीटर, चार तास. ट्रेनही आहे, पण तिकीट आधी काढा. अर्ध्या वाटेवर पेट्रोल पंपाशेजारी अंडा-पराठा आणि दोन रियालचा कडक चहा मिळतो, तो चुकवू नका. धुक्यात उंटांचे नुसते पाय दिसत होते.

दम्मामला वेळ हाताशी होता, म्हणून समुद्राकाठी गेलो. तिथे सकाळीच जा. फरसबंदी स्वच्छ असते, गर्दी नसते. इराला कठड्यापाशी उभं केलं. मागे एकजण झाडत होता. “भाई, जरा हटना,” मी म्हणालो. तो हसून बाजूला झाला. फोटो छान आला.

स्पर्धेत मी खोडलेला परिच्छेद इराने जसाच्या तसा म्हटला, बाईसकट. परीक्षकांनी तिला मध्येच थांबवलं.

“बेटा, कल्पना नहीं. जो दिखता है उतना ही बोलो. यहाँ कोई औरत नहीं है.”

सभागृह हसलं. इराने त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

नंतर चहाच्या टेबलापाशी मी त्यांना गाठलं. “सर, फिर बाल्टी कौन लाया?”

“कौनसी बाल्टी?”

त्यांना बादली दिसलीच नव्हती! “मेरी बेटी ने ये फोटो सात दिन देखा है. आपने कितना देखा?”

“अरे भाईसाब, बच्चों का कॉम्पिटिशन है. खलास!” आणि ते समोशाकडे वळले. बक्षीस ‘शांत, निर्मनुष्य नगरी’ म्हणणाऱ्या मुलाला मिळालं.

परतताना शंभर किलोमीटर मी त्या माणसाचा उद्धार करत होतो. डोळे आहेत की बटणं, वगैरे. शेवटी इराने हेडफोन काढले.

“बाबा, यू सेड द सेम थिंग. वर्ड फॉर वर्ड.”

“मी घरात म्हणालो होतो. चारचौघांत नाही.”

“सो?”

तिने हेडफोन पुन्हा लावले.

चार दिवस झाले, राग उतरलेला नाही. त्या परीक्षकांवर आहेच. पण त्यांच्या तोंडात माझंच वाक्य होतं. बापाने खोडलेलं ती न घाबरता बोलली, आणि टाळ्या वाजवायच्या वेळी मी मान खाली घातली होती. हे लिहायचं की नाही, यावर दोन दिवस घालवले.

काल या लेखासाठी समुद्राकाठचा तो फोटो फोनवर उघडला. इरा मागून वाकून पाहत होती. तिने दोन बोटांनी उजवा कोपरा मोठा केला. कठड्याला टेकवलेला लांब दांड्याचा झाडू आणि हिरवी ढकलगाडी. माणूस नाही.

मग तिने हेडफोन लावले. काही बोलली असती तर बरं झालं असतं.

फोटो खाली लावला आहे, न कापता. चहाचा भाव मी तुम्हाला सांगितला. त्या झाडणाऱ्या माणसाचं नाव मात्र सांगता येत नाही, कारण मी विचारलंच नव्हतं.