बागेच्या जागी मैदान

मी कॉलेजात गोलकीपर होते, त्यामुळे कुठल्याही गोष्टीत आधी काय बिघडेल तेच मला दिसतं. नाशिकला व्यावसायिक फुटबॉल क्लब काढायचं नवऱ्याच्या आणि त्याच्या मित्रांच्या डोक्यात आलं, तेव्हा ते सगळे जर्सीच्या रंगावरून भांडत होते आणि मी विचारत होते, खेळायचं कुठे? शहर चहूकडून वाढलेलं, पण लीगला चालेल असं मोकळं मैदान कोणी देईना. शेवटी सासऱ्यांनी वणी रस्त्याची द्राक्षबाग दिली. तारा काढल्या, वेली उपटल्या. सासरे बांधावर उभे राहून बघत होते. फुटबॉल त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

त्या दिवसापासून मला एकच भीती होती. लीगचे साहेब मैदान तपासायला येणार होते. त्यांनी नापास केलं, तर या मोसमात क्लब नाही आणि बागही गेलेली. तेलही गेलं, तूपही गेलं. बागेच्या जागी नवं गवत लावलं, त्याची जबाबदारी माझ्याकडे होती. रोज सकाळी मी ते हाताने चाचपायचे. सासरे मागून यायचे आणि म्हणायचे, "लय हळू चाललंय, पोरी."

तपासणीच्या आधी गवत एकदम वाढलं. मला आनंद झाला, पण तो वाकून पाहीपर्यंतच. पाती लांबलचक आणि फिकट पिवळी. पाय पडला की आडवी व्हायची, ती उठायचीच नाहीत. कापून पाहिलं, तर खाली नुसत्या पिवळ्या काड्या. रोग म्हणावा तर डाग नाही. नवऱ्याला विचारलं, माळ्याला विचारलं, कोणालाच काही ठाऊक नव्हतं. सासरे मात्र त्या दिवशी जेवले नाहीत.

साहेबांनी बुटाची टाच दाबून पाहिली. "याला काय दिलंत?"

मला खरंच माहीत नव्हतं, आणि तसं म्हणायची भीती वाटली. "पाणी जास्त झालं असेल," मी म्हणाले.

सासऱ्यांनी टोपी काढली. "नाय साहेब. मी जीए मारला."

जीए म्हणजे द्राक्षाचा मणी लांब व्हावा म्हणून घडांना देतात ते औषध. आमच्याकडे कशालाही उशीर झाला की माणूस आधी फवारणीच्या पंपाकडेच बघतो. साहेबांना हसू आवरेना, मला रडू. त्यांनी महिनाभराची मुदत दिली आणि ते गेले.

सासरे बांधावरच बसले. "बाग उपटली तवा भ्या नाय वाटलं," ते म्हणाले. "पण हे हळूहळू वाढायला लागलं, आन् रोज वाटायचं, हे नाय आलं तर वेली उगाच मारल्या."

माझी भीती तीच होती, फक्त माझ्याकडे पंप नव्हता.

औषधांच्या खोलीची किल्ली त्यांनी आपणहून माझ्याकडे दिली. महिनाभर आम्ही दोघं त्या गवताला जपत होतो आणि मी मनातल्या मनात वणीच्या गडावरच्या देवीला हात जोडत होते. साहेब पुन्हा आले. टाच दाबली, उचलली, गवत उठलं. मैदान पास झालं. नवरा तिथेच नाचायला लागला. सासरे माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "म्हंजी आता यावरच पळणार?"

"हो, नाना."

"ते खिळ्यांचे बूट घालून?"

त्यांचा चेहरा उतरला. खरं सांगायचं तर माझाही.

पहिल्या सामन्याला पार पेठ-त्र्यंबकहून माणसं आली होती. आम्ही दोघं कॉर्नरच्या बाहेर उभे होतो. एक खेळाडू घसरत आला आणि आमच्यासमोर गवताचा तळहाताएवढा तुकडा उपटून पडला. सासऱ्यांच्या तोंडून "आई गं" निघालं. "मुळं हायेत का बघ," ते म्हणाले.

मी वाकले, तेही वाकले. मुळं होती, पांढरी आणि चांगली लांब. तेवढ्यात मागे एकच गलका उठला. आमच्या क्लबचा पहिला गोल आम्ही दोघांनीही पाहिला नाही.