सासूबाईंनी सांगितलेलं मीठ

आधीच सांगते, मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. मेलेली माणसं दिसतात, बोलतात असं माझ्याकडे कुणी ना कुणी सांगतच असतं, आणि मी औषध लिहून देते! त्यामुळे असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायचा प्रश्नच नव्हता...

नव्वदच्या दशकाचा शेवट. इंदिरानगरमधल्या एका छोट्या हॉस्पिटलातून बोलावणं आलं – मांडीच्या हाडाच्या ऑपरेशननंतर एक आजी ‘वेड्यासारखं’ करतायत. सरूआजी मखमलाबादच्या, फुलशेतीवाल्या. मुलगा रडकुंडीला आलेला.

“डॉक्टरबाई, पंधरवड्यावर नातीचं लग्न, अन् आईला हे वेड लागलं. परवापर्यंत पार शहाणी होती!”

दोन दिवसांत वेड लागत नाही. आजारी म्हाताऱ्या माणसाचं डोकं असं अचानक फिरलं, तर बिघाड बहुतेकदा शरीरात असतो. मी आजींना वार उलटे म्हणायला सांगितले. रविवार, शनिवार... गाडी तिथेच अडली. त्या पलंगाच्या पायथ्याकडे बघत होत्या.

“सासूबाई बोलतायत,” त्या म्हणाल्या. “म्हणतात, हिच्या अंगात मीठच नाय उरलं.”

मुलगा कसनुसा हसला. “तिची सासू, म्हणजे माझी आजी, तिला जाऊन लय वर्षं झाली हो.”

रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठच, मी तपासायला सांगणारच होते. रिपोर्ट आला – फारच कमी! बीपीच्या गोळीनं लघवीवाटे गेलेलं. गोळी थांबवली, सलाईनमधून मीठ हळूहळू भरलं, आणि आजी ताळ्यावर आल्या. उठून बसल्या आणि पहिलं काय, तर मुलाला – “दाढी कर आधी, लग्नघर हाय आपलं!” अख्खा वॉर्ड हसला.

सासूबाईंचं काहीच आठवत नव्हतं. “त्या येतील व्हय माझ्यासाठी? जन्मभर माझ्या कालवणात मीठ जास्त म्हणायच्या!”

मीही पोटभर हसले. शरीराला मिठाची ओढ, ती भासात उमटली असेल... मला पटलं होतं.

निघताना शेजारच्या पलंगावरच्या बाईंनी हाक मारली. पित्ताशयातल्या खड्यांसाठी दाखल, पेपर वाचत बसलेल्या, पूर्ण शुद्धीतल्या.

“डॉक्टर, त्या नऊवारीतल्या म्हाताऱ्या बाई आज दिसल्या नाहीत? सारख्या पायथ्याशी बसून आजींचे पाय चेपायच्या.”

मुलाला विचारलं. घरातलं कुणीच म्हातारं माणूस आलं नव्हतं.

लग्नाला मी गेले. सरूआजी खुर्चीत बसून हात उंचावून अक्षता टाकत होत्या, केसांत शेवंतीची वेणी! त्या बाईंना कोण दिसलं, हे आजही मला सांगता येत नाही. आता मात्र कुणी म्हणालं की गेलेलं माणूस बोलतंय, तर मी रक्त तपासते – आणि काय बोलतंय, तेही विचारून घेते.