मोराच्या पिल्लाच्या घशातला जंत

माझं माहेर पलूसच्या अंगाला, कृष्णाकाठच्या काळ्या रानात. लग्न होऊन गेले ते वडूजच्या पलीकडं, धनगराच्या घरात. तिथं प्यायचं पाणीसुद्धा लांबच्या विहिरीवरनं डोक्यावर आणायचं. साल आता नीट आठवत नाही, पण एकोणीसशे साठनंतरचं होतं आणि लग्नाला वर्ष झालं नव्हतं एवढं पक्कं. आईनं सोबत एक कोंबडी दिली होती. ती तिथं अंडी उबवायला खुडूक बसली आणि त्याच सुमारास बिरोबाच्या माळावर कुत्र्यांनी एक लांडोर मारली. सासूबाईंनी तिची अंडी ओच्यात घालून आणली आणि माझ्या कोंबडीखाली ठेवली. पिल्लं देवाची, वाढवून परत देवाच्या माळावर सोडीन, असं देवळात बोलूनही आल्या. झालं! घरात माणसापेक्षा पाखरांना भाव आला.

पिल्लं निघाली दोनच. त्यांचे काय लाड झाले म्हणून सांगू! दुष्काळी मुलखातल्या माणसाला ओल म्हणजे श्रीमंती. सासूबाईंनी पिल्लं झाकायचं बांबूचं डालगं मेंढरांच्या पाण्याच्या डोणीशेजारी, सांडलेल्या पाण्याच्या गारव्यात मांडलं, आणि उकिरड्याची ओली कड उकरून त्यांना गांडुळं चारली.  माहेरी आमच्याकडं ओलीवरची पिल्लं हटकून आजारी पडत. आई डालगं सारखं कोरड्या जागी हलवायची, खाली राख पसरायची, पिल्लांना गांडुळापाशी फिरकू द्यायची नाही. पण नव्या सुनेनं सासूला शिकवायचं? माझी जीभ रेटेना.

व्हायचं तेच झालं. पिल्लं मान ताणून आ करायला लागली. शिंकायची, डोकं झटकायची, परत आ. तेव्हा मात्र मी तोंड उघडलं आणि सांगितलं की, यांच्या श्वासाच्या नळीत लाल जंत झालाय.

जंत म्हटल्यावर सासरे उठले. मेंढरांना जंतावर मोरचुदाचं पाणी पाजण्यात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. जंत तो जंत, मेंढराला काय आणि पाखराला काय, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, मामा, हा पोटातला नव्हं. पण ऐकतंय कोण! बांबूच्या नळीनं त्यांनी एका पिल्लाला थोडंसंच पाजलं. दुपारपर्यंत त्यानं मान टाकली.

सासऱ्यांना कुणी चकार शब्द बोललं नाही. बोल लागला मला. कोंबडी माझ्या माहेरची, तेव्हा रोग तिनंच आणला, आणि जंताचं नाव काढलं तेही मीच. सासूबाई दारात उभ्या राहून शांतपणे म्हणाल्या, "ह्ये बी मेलं तर तू पलूसची गाडी धरायची. देवाची हत्या घिऊन आमी कशी जगायची?"

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. टाकून दिलेली बाई माहेरी कशी जगते ते मी आमच्याच भावकीत बघितलं होतं. सगळ्यांच्या मागनं जेवायची, कुणाच्या हळदीला तिला बोलावणं नाही. माझ्या पाठच्या दोघी बहिणी अजून लग्नाच्या होत्या, त्यांना मग कोण करून घेणार?  त्या रात्री नवरा तेवढा चुलीपाशी येऊन हळूच म्हणाला, "भिऊ नगंस. म्या हाय." त्या एवढ्या शब्दावर मी तगले.

सकाळी उरलेल्या पिल्लाचा श्वास घरघरत होता. वाट बघितली तर मरणार, आणि जंत काढायला गेले तर माझ्याच हातात मरणार. आईला काढताना मी बघितलं होतं, स्वतः कधी केलं नव्हतं. सासूबाईंना म्हटलं, आत्या, तुम्ही पिल्लू धरा. त्यांनी का ऐकलं देव जाणे, त्यांचाही चेहरा पांढरा पडला होता. मी कोंबडीचं एक पीस घेतलं, शेंड्याचा तुरा ठेवून बाकीचं सोललं आणि गोड्या तेलात बुडवलं. जिभेच्या बुडाशी नळीचं तोंड असतं. ते श्वासासरशी उघडतं, मिटतं. उघडलं की पीस आत सरकवायचं, पिळा द्यायचा, ओढायचं. चुकलं की पाखरू गुदमरलं. नवरा घरात आत-बाहेर करत होता. 

पहिल्यांदा पिसाला नुसती लाळ आली. पिल्लू सासूबाईंच्या हातात लुळं पडलं आणि त्या बिरोबाचा धावा करायला लागल्या.  आता गेलंच आहे, मग भ्यायचं कशाला, म्हणून परत पीस घातलं. या वेळी तुऱ्याला गुंतून लाल दोरे बाहेर आले, वळवळणारे, एकेकाला फाटा फुटलेला. पिल्लानं अंग झाडलं. थोड्या वेळानं चोच मिटून श्वास घ्यायला लागलं.

 सासूबाईंनी डालगं उचलून खडकाळ उंचवट्यावर नेऊन ठेवलं आणि तिथनंच मला विचारलं, "राख किती टाकू गं?" पिल्लू जगलं, त्याला तुरा आला, पुढं माळावरही गेलं.

पण त्या सकाळी मी लुगडं बदलायला आत गेले, तर माझी लुगडी वळणीवर नव्हती. मडक्यांच्या उतरंडीमागं माझं गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. सासूबाई तर उजाडल्यापासून माझ्याबरोबर अंगणात होत्या. गाठ बघितली. लोकरीचं ओझं बांधताना मारतात तशी, दुहेरी पिळ्याची. तशी गाठ घरात एकटा नवराच मारायचा.

मी ती सोडली, लुगडी परत वळणीवर टाकली आणि चुलीपाशी गेले. सासूची भीती पुढं हळूहळू गेली. नवऱ्याची बसली ती बसलीच.