काचेपलीकडचे अहो

शैलजाकाकूला नोकरी लागली तेव्हा उल्हासकाका सगळ्यांना सांगत सुटले, "शैलजा आता मरीन सेक्टरमध्ये आहे."

मरीन सेक्टर म्हणजे योकोहामातल्या आमच्या स्टेशनमागचा कुसाकाबे डॉक्टरांचा दाताचा दवाखाना. तिथे वेटिंग रूमच्या मधोमध खाऱ्या पाण्याचा एक भलामोठा फिशटँक आहे. त्याची काच बाहेरून पुसायची, ही नोकरी. आतून पुसायला कंपनीचा माणूस येतो, त्याच्याकडे सर्टिफिकेट आहे. बाहेरच्या बाजूला सर्टिफिकेट लागत नाही. बाहेरच्या बाजूला काकू.

आठवड्यातून तीन सकाळी, दवाखाना उघडायच्या आधी. पहिले तीन महिने नुसतं 'बघू'. मग पटलं तर कायम. काकू नाशिकला कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये असिस्टंट होती, आणि काकांच्या कंपनीने त्यांना इकडे पाठवल्यापासून नऊ वर्षं घरीच. त्यामुळे तिने हे 'बघू' एखाद्या बोर्डाच्या परीक्षेसारखं घेतलं.

"तुला वाटतं काच म्हणजे काच," ती मला लिफ्टमध्ये गाठून सांगायची. आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहतो. "अगं, बुडबुडे फुटतात ना, त्याचे शिंतोडे झाकणाच्या फटीतून बाहेर येतात. पाणी उडून जातं, मीठ राहतं. पांढरा थर! त्यावर कोरडं फडकं मारलंस की संपलं, काचेला चरे. आधी ओलं, मग कोरडं. आणि स्प्रे? स्प्रे मारायचा नाही. वास आत गेला की मासे गेले."

दवाखान्याने तिला एक पिवळं, गुबगुबीत फडकं दिलं होतं. ते काचेवर पिवळे तंतू सोडायचं. काकूने ते नमस्कार करून परत केलं आणि घरून स्वतःचं आणलं. उल्हासकाकांचं जुनं बनियन.

आता खरी गोष्ट. आपल्याकडे नवऱ्याला 'अहो' म्हणतात आणि जपानीत 'अहो' म्हणजे मूर्ख. क्योतोकडे म्हणे लाडाने चालतं. योकोहामात चालत नाही. नऊ वर्षांपूर्वी काकांच्या ऑफिसच्या पार्टीत काकूने लांबून "अहो! अहो, इकडे!" अशी हाक मारली आणि अख्खं डिपार्टमेंट खोकत सुटलं. त्या रात्रीपासून काकांचा हुकूम: "बाहेर उल्हास म्हण. किंवा उल्हास-सान म्हण. प्लीज." हळूहळू घरातही तेच झालं. काकू 'उल्हास' म्हणते तेव्हा हजेरी घेतल्यासारखं वाटतं.

त्या टँकमध्ये एक काटेरी मासा आहे. गोल पोट, फुगलेले गाल, तोंड अर्धवट उघडं. रोज सकाळी एकाच कोपऱ्यात येऊन थांबणार आणि काही न करता काम चाललंय त्याकडे बघणार.

काकू त्याला काय म्हणाली असेल?

"अहो, सरका जरा. अहो, तिथे मीठ आहे. ऐकता का? अहो!"

इतकी वर्षं साठलेले सगळे 'अहो' तिने त्या माशावर मोकळे केले. मासा जपानी असला तरी तक्रार करणारा नव्हता.

तक्रार करणारे मिझुगुची-सान होते. वय एक्क्याऐंशी, कवळी सैल, आणि अपॉइंटमेंटच्या अर्धा तास आधी येऊन टँकच्या पलीकडे बसायची सवय. थंडीचे दिवस, म्हणून त्यांना आत घेत असत. काच पूर्वी धुरकट होती तेव्हा पलीकडे कोण बसलंय, कळायचं नाही. काकूने ती अशी लख्ख केली की माशाच्या मागे वाकून बघणाऱ्या मिझुगुची-सानना काकू स्पष्ट दिसायची. आपल्याच डोळ्यांत बघून तीन वेळा 'मूर्खा' म्हणणारी.

त्यांनी सूचनापेटीत चिठ्ठी टाकली. जपानी चिठ्ठी, म्हणजे आधी कौतुक: काच अतिशय स्वच्छ असते, मनापासून आभार. मग: पण पुसणाऱ्या बाई दर मंगळवारी मला मूर्ख म्हणतात. माझं काही चुकलं असल्यास कळवावे.

काकूचे तीन महिने ज्या शनिवारी संपत होते, त्याच शनिवारी माझ्या दातांच्या तारा आवळायच्या होत्या. मी खुर्चीत, तोंड उघडं, तोंडात कापूस आणि डॉक्टरांची दोन बोटं. पार्टिशनपलीकडे कुसाकाबेबाई. डॉक्टरांची बायको, दवाखान्याचा सगळा कारभार त्यांचा. त्या कधी 'नाही' म्हणत नाहीत. त्या "चोत्तोऽऽ" म्हणतात, म्हणजे 'जराऽऽ', आणि श्वास आत ओढतात. तेवढ्यात माणसांच्या नोकऱ्या जातात.

"शैलजा-सान, ही चिठ्ठी... चोत्तोऽऽ..."

"हाय," काकू म्हणाली. जपानीत 'हो'. पण तिच्या तोंडी ते आपलंच हाय वाटलं.

"ससससस," श्वास आत.

मी ओरडले, "आँऽऽ आँ आँ!" म्हणजे, थांबा, मी समजावते. डॉक्टर म्हणाले, "दुखतंय का? थोडंच राहिलंय."

मग काकूनेच तोंड उघडलं. तिचं जपानी भाजीच्या दुकानापुरतं. तिला म्हणायचं होतं की आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, मानाने अहो म्हणते. पलीकडे पोचलं ते असं:

"इंडिया. बायको. नवऱ्याला. मूर्ख म्हणते. रोज. फार आदर."

पलीकडे चिठ्ठीची घडी घातल्याचा आवाज आला.

"आणि मासा?" कुसाकाबेबाई.

"मासा नवऱ्यासारखा. म्हणून मासाही मूर्ख. मिझुगुची-सान मूर्ख नाही. मिझुगुची-सानचा आदर नाही!"

हसू दाबताना डॉक्टरांची बोटं माझ्या तोंडात हलायला लागली.

"सगळ्या बायका म्हणतात?" बाईंचा आवाज बदलला होता.

"सगळ्या नाही," काकू म्हणाली. "चांगल्या घरच्या."

"नारुहोदोऽऽ," बाई म्हणाल्या. म्हणजे 'असं होय.' बराच वेळ म्हणत राहिल्या. मग पार्टिशनवरून त्यांनी नवऱ्याकडे बघितलं आणि अतिशय हळू, चव घेत म्हणाल्या, "अहो."

काकू कायम झाली.

सोमवारी सूचना तयार. लॅमिनेट केलेली, कोपऱ्यात माशाचं चित्र. 'आमच्या कर्मचारी बाई माशाला अहो म्हणतात. हा भारतातील आदराचा शब्द आहे. कृपया समजून घ्यावे.' बाई ती टँकवर चिकटवायला निघाल्या, तर काकूने हात आडवा घातला. "काचेवर नाही. चिकटपट्टीचा डाग पडतो." कायम झाल्यावरचं तिचं पहिलं वाक्य. सूचना भिंतीवर लागली.

पुढच्या महिन्यात उल्हासकाकांची दाढ दुखायला लागली. वेळ सकाळची पहिली. मी तारांसाठी, मिझुगुची-सान त्यांच्या जागी. काकांना जपानीतली अवघड कांजी अक्षरं येत नाहीत, पण सूचनेतला साध्या अक्षरांतला तेवढा एक शब्द वाचता आला.

"शैलजा, इथे 'अहो' का लिहिलंय?"

"माशाबद्दल आहे."

काकांनी माशाकडे बघितलं. माशाने काकांकडे. माशाचे दोन्ही गाल फुगलेले, काकांचा एक. मग काकांची नजर फडक्यावर गेली. "हे माझं बनियन ना?"

"होतं," काकू म्हणाली. काचेला नाक लावून ती खालचा कोपरा न्याहाळत होती. "अहो, सरका जरा. तिथे मीठ आहे."

मासा सरकला. काका सरकले. आतून डॉक्टरांच्या स्टुलाची चाकं वाजली, तेही सरकले होते.

मिझुगुची-सान तेवढे जागचे हलले नाहीत. त्यांनी हात वर करून, अगदी नम्रपणे विचारलं, "आज मला म्हणणार नाही का?"