बीडच्या भट्टीतलं टायटॅनियम

लेथ मशीनखाली धातूचा बुरादा साचतो ना, तसे आमच्या लॅबमध्ये किस्से साचतात. रोज झाडा, संध्याकाळी पुन्हा ढीग तयार!

बीडजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आमची ही लॅब. टायटॅनियममध्ये दुसरे धातू मिसळून वितळवायचे, सळई करायची आणि ती मशीनवर ताणून तोडायची, हा आमचा धंदा! आम्ही तिघं. संशोधन करणाऱ्या शिंदे मॅडम, भट्टीवाले सलीमभाई आणि सळया तोडणारा मी. भट्टी एका प्रोजेक्टची, म्हणजे उसनी. मॅडमचा मिश्रधातू मजबूतही हवा आणि ताणल्यावर लांबायलाही हवा. प्रोजेक्टच्या समितीसमोर हे जमलं तर भट्टी बीडला राहणार, नाहीतर पुण्याला जाणार. त्यामुळे मॅडमची झोप उडालेली.

*

पहिल्या वेळी मॅडमनी अ‍ॅल्युमिनियम जरा जास्तच घातलं. ताकद अशी आली की मी टाळ्याच वाजवल्या! मग सळई वाकवायला घेतली, तर कट्‌कन दोन तुकडे.

सलीमभाई म्हणाले, "मॅडम, ही तर आमच्या सासऱ्यावर गेली. मोडंल, पण वाकनार न्हाई!"

*

नेकनूरच्या बसमध्ये शेजारच्या आजोबांनी विचारलं, "काय काम करता?"

म्हटलं, "टायटॅनियममध्ये अ‍ॅल्युमिनियम, मोलिब्डेनम मिसळतो."

"म्हंजे भेसळ!"

"आजोबा, आमच्या भेसळीनं माल सुधारतो."

आजोबा गंभीरपणे म्हणाले, "मंग आमच्या दूधवाल्याला बी शिकवा की!"

*

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या मशीनची पूजा होते. ती करायचा मान सर्वांत जुन्या माणसाचा, म्हणजे सलीमभाईंचा. एका वर्षी त्यांनी भट्टीबरोबर टायटॅनियमच्या कच्च्या खड्यांनाही भक्तिभावानं हळदकुंकू वाहिलं. तेच खडे दुसऱ्या दिवशी भट्टीत गेले!

तापलेलं टायटॅनियम जवळ येईल ते गिळतं. कुंकवातला ऑक्सिजन, कार्बन, सगळं त्यानं गिळलं. मॅडमनी रिपोर्ट पाहून डोक्याला हात लावला. "ताकद वाढली, सलीमभाई. पण लांबायचं नावच घेत नाही."

"म्हंजे देवानं आपलं अर्धंच ऐकलं!" सलीमभाई म्हणाले.

तेव्हापासून हळदकुंकू फक्त भट्टीच्या स्टँडला.

*

मॅडमनी थोडं लोखंड घालून बघायचं ठरवलं, तेव्हा प्रिन्सिपॉल सर वैतागले. "लोखंडच घालायचं तर एवढं महाग टायटॅनियम आणलं कशाला?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, वरणात आपण हिंग घालतो. म्हणून त्याला कोणी हिंगाचं वरण म्हणतं का?"

सर डबा खायला निघून गेले.

*

आणि मग समिती आली. त्यातले मोठे साहेब आल्या आल्या म्हणाले, "टायटॅनियम? आणि बीडमध्ये?" माझं डोकंच फिरलं. पण मॅडमनी सरळ नवी सळई माझ्या हातात ठेवली. या वेळी अ‍ॅल्युमिनियम कमी करून मोलिब्डेनम वाढवलं होतं. मी सळई मशीनला लावली.

लोड हवा तिथवर गेला आणि पुढेही गेला. मग सळई लांबायला लागली. सलीमभाई पुटपुटत होते, "थांब बाई, तुटू नको." ती मधोमध बारीक होत गेली, तरी धरून राहिली! शेवटी तुटली तेव्हा साहेबांनी दोन्ही तुकडे जोडून स्वतः लांबी मोजली. चष्मा पुसून पुन्हा मोजली. "दुसरी लावा," म्हणाले. दुसरीही तशीच. माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण जातंय की काय असं वाटलं!

"मॅडम, तुमचं शिक्षण कुठं झालं?" साहेबांचा आवाज एकदम मऊ.

"शाळा उसाच्या फडावरची, सर. आई-वडील आष्टीहून ऊसतोडीला जायचे, आई अजून जाते. जिथं पाचटाची कोपी उभी राहील, तिथं शाळा."

साहेबांनी तुकडे मॅडमच्या हातात ठेवले. मग म्हणाले, "भट्टी इथंच राहील. हे तुकडे मात्र मी नेतो, आमच्या लोकांना दाखवायला."

त्यांनी हात पुढं केला. मॅडमनी तुकडे मुठीत घट्ट धरले. इतक्या वर्षांत लॅबमध्ये कधी न बोललेल्या आष्टीच्या बोलीत म्हणाल्या, "न्हाई सर. उद्या माय फडावरून यायलीय. आधी तिला दावायचेत!"