लोकांचं सामान आणणारी रुवैदा

रुवैदाला नवऱ्याने तलाक दिला तेव्हा सोबत त्याची जुनी गाडीही दिली. तो ज़र्क़ाला दुसरं लग्न करून गेला. तिथल्या सासऱ्याने त्याला नवी गाडी घेऊन दिली, म्हणून हे खटारं अम्मानमधल्या लुवैबदाच्या आमच्या इमारतीखाली उभं राहिलं. रुवैदा म्हणायची, "एवढ्या वर्षांच्या संसारातून हेच हाती लागलं, आणि त्याचाही एक दिवा फुटका."

ती गच्चीवरच्या दोन खोल्यांत राहायची. मी दुसऱ्या मजल्यावर, शिवणाचं मशीन खिडकीला लावून. त्यामुळे कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या पिशवीत काय, हे मला न बघताही दिसतं. तिची एकुलती एक मुलगी लग्न होऊन इर्बिदला गेलेली. पोरीच्या सासरी जाऊन राहणं रुवैदाला मान्य नव्हतं. "तिथे मी पाहुणी म्हणून गेले तर दोन दिवस बरं वाटेल त्यांना, तिसऱ्या दिवशी भांडी घासायला लावतील."

धंद्याची सुरुवात झाली ती मदाम ओदेतमुळे. मदाम तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. त्यांचा मुलगा स्वीडनमध्ये. हिवाळ्यात जिन्यावर घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, आणि अम्मानची ही टेकडी म्हणजे जिकडे जावं तिकडे पायऱ्या. दारावरून भाजीवाला जायचा तेव्हा त्या वरून ओरडून सौदा करायच्या आणि तो सडकी भाजी वर पाठवायचा. एकदा रुवैदा खालच्या बाजारात निघाली होती. मदामनी खिडकीतून हाक मारली, "रुवैदा, माझ्यासाठी कुसा घेऊन ये गं, भरायला."

कुसा म्हणजे दुधीसारखी छोटी भाजी, पोखरून आत भात भरायचा. रुवैदाने चांगल्या जाडजूड आणल्या. मदामनी एक उचलून हातात तोलली.

"हे काय आहे?"

"कुसा."

"बये, हा बूट आहे! यात भात भरू की पाय घालू? बोटाएवढी हवी, बोटाएवढी! नवऱ्याला काय खायला घालत होतीस इतकी वर्षं?"

"म्हणूनच तर गेला," रुवैदा म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की मला मशीन थांबवून वर जावं लागलं.

दुसऱ्यांदा आणलेल्या कुसा बोटाएवढ्या होत्या. मग मदामच्या मुलाने फोनवर विचारलं की दर आठवड्याला आणून देशील का, मी तुझा मोबदला पाठवत जाईन. त्याने तिथल्या कुणाला सांगितलं, त्याने आणखी कुणाला. लुवैबदात असं घर शोधून सापडणार नाही ज्याची मुलं बाहेर नाहीत. कुणी आखातात, कुणी अमेरिकेत, आणि इथे म्हातारा, म्हातारी आणि चार जिने. वर्षभरात रुवैदाकडे इतकी घरं झाली की सकाळी गाडीच्या मागच्या सीटवर पिशव्यांवर पिशव्या, आणि कुठली कुणाची हे कळावं म्हणून माझ्याकडच्या रंगीत चिंध्या बांधलेल्या. मदाम ओदेत पिवळी, उस्ताद फख्री निळी.

तिला पहिल्यांदा मी चारचौघांत मान वर करून चालताना बघितलं ते त्या वर्षी. नुसतं सामान दारात ठेवून ती कधीच परतली नाही. फ्रिज उघडून जुनं फेकायची, दूध पुढे ठेवायची, जेवलात का विचारायची. मी म्हणायची, "तुला याचे कोण पैसे देतं?" ती म्हणायची, "उम्म वाएल, दारात ठेवायला कुत्रासुद्धा शिकवता येईल."

आता उस्ताद फख्रींबद्दल. उस्ताद शाळेत भूगोल शिकवायचे. आमच्या गल्लीतल्या निम्म्या पुरुषांनी नाईल नदीचा उगम न आल्याबद्दल त्यांच्या हातचा मार खाल्लेला आहे. मूळचे पॅलेस्टाइनमधल्या नाब्लुसचे, लहानपणी आईवडिलांबरोबर इकडे आलेले. बायको गेल्यावर समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एकटे राहायचे. मुलगी सौसन कॅनडात. हुशार पोरगी, लहानपणी माझ्याकडून फ्रॉक शिवून न्यायची. बापावर तिचा जीव होता हे मी आजही म्हणेन.

उस्तादांचं हृदय अशक्त झालं तेव्हा सौसनने तिकडून सगळं आहाराचं ठरवलं. मीठ बंद, चीज बंद, लोणचं बंद, ऑलिव्हसुद्धा बंद. भाजी उकडलेली, कोंबडी उकडलेली. रुवैदाला तसं बजावलं, आणि रोज ताटाचा फोटो पाठवायला लावला.

उस्ताद म्हणायचे, "पोरगी कॅनडात बसून बापाचं ताट तपासते. मी पोरांच्या वह्यासुद्धा इतक्या बारकाईने तपासल्या नाहीत."

सुरुवातीला ते कुरकुर करत का होईना, खायचे. मग अर्धं खायला लागले. मग फोटो काढून झाला की ताट सरकवून द्यायचे. पट्ट्याला आणखी एक भोक पाडायला त्यांनी पट्टा माझ्याकडे पाठवला, तेव्हा मीच चरकले. रुवैदाने माझ्यासमोर सौसनला फोन लावला.

"सौसन, बाबा जेवत नाहीत गं. वाळत चाललेत. डॉक्टरांना विचारून थोडंसं मीठ..."

"तू डॉक्टर आहेस का?"

"नाही, पण मी रोज बघते ना."

"रुवैदा, मी तुला सामान आणायला ठेवलंय. सांगितलंय तेवढं आण. बाबा हट्टी आहेत, लहान मुलासारखे. तू त्यांच्या नादी लागू नकोस."

रुवैदाने फोन ठेवला आणि बराच वेळ माझ्या चिंध्यांच्या टोपलीत हात घालून बसली.

उन्हाळा लागला. आमच्याकडे उन्हाळ्यात रात्रीचं जेवण म्हणजे कलिंगड, पांढरं खारं चीज आणि रोटी, चूल पेटवायची गरज नाही. उस्ताद एके दिवशी तिला म्हणाले, "मुली, मरायच्या आधी एकदा नाब्लुसी चीज आणि कलिंगड. सौसनला मी वर जाऊन समजावीन."

"वर जाऊन कशाला, फोन आहे की," रुवैदा म्हणाली.

"फोनवर ती मला बोलू देत नाही."

तिने आणलं. नाब्लुसी चीज मिठाच्या पाण्यात मुरवलेलं असतं. तिने ते साध्या पाण्यात भिजत घातलं, पाणी बदललं, पुन्हा बदललं. मीठ जवळजवळ निघून गेलं. मी एक तुकडा चाखला, रबर चावल्यासारखा लागला. उस्तादांनी मात्र तो डोळे मिटून खाल्ला, आणि त्याच्याबरोबर अर्धी रोटी आणि कलिंगडाच्या तीन फोडी. त्यानंतर आठवड्यातून एक-दोनदा ती असा छोटा तुकडा न्यायची. इतर दिवशी ते उकडलेली कोंबडीसुद्धा खायला लागले, कारण उद्या चीज मिळणार असायचं. गालावर थोडं मांस आलं. व्हिडिओ कॉलवर ते सौसनलाही दिसलं. "बघ," ती रुवैदाला म्हणाली, "माझा आहार लागू पडतोय."

रुवैदाने तेव्हा सांगायला हवं होतं असं नंतर पुष्कळ जणी म्हणाल्या. मला तसं वाटत नाही. सांगितलं असतं तर चीज बंद झालं असतं, एवढंच.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी ती उस्तादांकडे बराच वेळ बसून आली. दुसऱ्या सकाळी तिने निळ्या चिंधीची पिशवी घेऊन त्यांचं दार तिच्याकडे दिलेल्या किल्लीने उघडलं, तेव्हा उस्ताद खुर्चीत होते. रेडिओ चालू होता. तिने हाक मारली, हात धरला, आणि मग जिन्यातूनच डॉक्टर मुनीरना ओरडून बोलावलं. ते त्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. त्यांनी येऊन बघितलं आणि चादर ओढली. सौसनला फोनही रुवैदानेच केला.

आमच्यात मातीला उशीर करत नाहीत. सौसनचं विमान पोचेपर्यंत उस्तादांना पुरून झालं होतं. पोरीला बापाचं तोंड दिसलं नाही. विमानतळावरून तिने रुवैदाला फोन केला, रडत रडत, "बायका बसायला येतील. कॉफी, वेलदोडे, खजूर, कागदी पेले, जे लागेल ते तूच आण. मला दुसरं कुणी सुचत नाही." रुवैदाने सगळं आणलं, कॉफी उकळली, खुर्च्या मांडल्या, गल्लीतल्या बायकांना पेले वाटले. पहिला सगळा दिवस ती उभी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सौसन पाणी घ्यायला फ्रिजपाशी गेली. आत एक झाकणाचा डबा होता, पाण्यात दोन तुकडे. ती डबा हातात घेऊन बाहेर आली. बैठकीची खोली बायकांनी भरलेली होती.

"हे कुणी आणलं?"

रुवैदाला गप्प राहता आलं असतं. घरात इतके लोक येऊन गेले होते, कुणाच्याही नावावर गेलं असतं. तिने हातातलं तबक टेबलावर ठेवलं.

"मी आणलं. त्यांनी मागितलं होतं."

"तुला माहीत होतं त्यांना चालत नाही."

"मी मीठ काढून द्यायचे, सौसन. पाण्यात..."

"तुला माहीत होतं!" सौसन ओरडली. "मी तिथून रोज विचारायचे, रोज! आणि तू मला उकडलेल्या कोंबडीचे फोटो पाठवत होतीस!"

मी मध्ये पडले. "सौसन, बाळ, ते जेवायचेच बंद झाले होते. ती पाणी दोन-दोनदा बदलायची, मी बघितलंय."

सौसन माझ्याकडे वळली. "म्हणजे तुम्हालाही माहीत होतं. सगळ्या गल्लीला माहीत होतं. फक्त मलाच नाही." मग रुवैदाला म्हणाली, "एका तुकड्यासाठी माझा बाप मारलास. जा इथून."

तीच खोली, त्याच बायका. त्यातल्या चौघींच्या घरी रुवैदा सामान न्यायची. एकही उठली नाही. एकीने तर पेला पुढे केला, कॉफी संपली होती म्हणून. रुवैदाने तो भरला, मग गेली.

संध्याकाळी मी डॉक्टर मुनीरना गाठलं.

"डॉक्टर, चीजने गेले का हो उस्ताद?"

"छे! ते हृदय होतं का? विरलेल्या दोऱ्याला किती ताणणार? गेल्या हिवाळ्यातच जायचे. उलट उन्हाळा काढला याचंच मला नवल."

"मग हे सौसनला सांगा."

त्यांनी चष्मा पुसला. "उम्म वाएल, बाप पुरून दुसरा दिवस झालाय. शोकाच्या घरात जाऊन मी मुलीला खोटं पाडू?"

"तिसऱ्या दिवशी पाडा."

"ती परवा जाणार आहे. कशाला वाढवायचं," ते म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

सौसन गेली, पण जाण्याआधी तिने परदेशी असलेल्या मुलांच्या फोनवरच्या गटात लिहिलं. नाव घेतलं नाही. 'विश्वासाने किल्ली दिलेली बाई' एवढंच लिहिलं, आणि लुवैबदात किल्ली दिलेली बाई एकच होती. त्याच आठवड्यात फोन सुरू झाले. कुणी म्हणालं, आई आता मामेभावाकडे जाणार आहे. कुणी म्हणालं, आम्ही मोठ्या दुकानातून घरपोच मागवायचं ठरवलंय. खरं कारण कुणीच सांगितलं नाही. त्यामुळे तिला भांडायलाही काही उरलं नाही.

मदाम ओदेतकडे ती स्वतः गेली. मी बरोबर होते.

"मदाम, तुम्ही तरी तुमच्या मुलाला सांगा. तुम्ही मला ओळखता."

मदाम हातातल्या रुमालाच्या घड्या घालत राहिल्या. "मी सांगितलं गं त्याला. तो म्हणतो, मम्मा, उद्या तुला काही झालं तर? पैसे पाठवणारा तो आहे. माझं कोण ऐकतंय इथे?"

"तुम्हाला वाटतं का मी उस्तादांना मारलं?"

"नाही, नाही! काहीतरीच काय!" मदाम म्हणाल्या. आणि मग, "पण तू त्या पोरीला सांगायला हवं होतंस, रुवैदा."

रुवैदा जिना उतरली. खाली गाडीपाशी येऊन तिने मागच्या सीटवरच्या सगळ्या चिंध्या गोळा केल्या आणि माझ्या हातात दिल्या. "घे. पुसायला होतील."

थंडी पडायच्या आत गाडी विकली. आता ती शहराबाहेर, विमानतळाच्या रस्त्याला एका मोठ्या दुकानाच्या गोदामात कामाला जाते. फोनवरून आलेलं सामान रॅकवरून काढून पिशवीत भरायचं, पिशवी सरकत्या पट्ट्यावर ठेवायची. पिशवी कुणाकडे जाणार ते तिला दिसत नाही, नुसता आकडा असतो. मी विचारलं, कुसा तरी बघून घेतेस ना? ती म्हणाली, "हाताला येईल ते टाकते. बघत बसलं तर वरून ओरडतात." तिच्या तोंडून हे ऐकून मला कसंसंच झालं. तिला काही झालं नाही.

परवा सौसनचा निरोप आला तिच्या फोनवर, वर्ष उलटल्यावर. रुवैदाने तो मला ऐकवला. सौसनचा आवाज बसलेला होता. "रुवैदा, मी रागात होते तेव्हा. मला एवढंच सांग, बाबा शेवटच्या संध्याकाळी काय बोलले? तू होतीस ना तिथे? दुसऱ्या कुणाला माहीत नाही. दोन शब्द असतील तरी सांग."

"सांग गं," मी म्हटलं. "लेक आहे त्यांची. जन्मभर मनाला लावून घेईल."

रुवैदाने फोन पालथा ठेवला.

"मला सामान आणायला ठेवलं होतं, उम्म वाएल. तेवढं आणलं."

"अगं, पण खरंच काही बोलले होते का?"

"बोलले होते," ती म्हणाली. "पुष्कळ बोलले होते त्या दिवशी."

मी वाट बघितली. तिने पिशवीतून मोजे काढले, गोदामात फरशी गार असते म्हणून ती दोन जोड घालते, आणि पहाटेच्या बससाठी लवकर झोपायचं म्हणून वर निघून गेली. मलाही तिने ते आजवर सांगितलेलं नाही.